यंत्राला वास शिकवणारे काका

पालघरहून एक छोटा दिवाळी अंक निघायचा. तो काढणारे गृहस्थ निवृत्त शिक्षक होते. जाहिरातींसाठी स्वतः दुकानोदुकानी फिरायचे, मुद्रितं स्वतः तपासायचे आणि जुलै उजाडला की मला फोन करायचे. "तुमची विज्ञानकथा आणि तुमचं भविष्य, दोन्ही गणपतीच्या आत हवं." भविष्य म्हणजे दोन पानांचं सदर. तीस वर्षांनी आपला भाग कसा असेल, ते त्यात मी लिहायचे. मी बोईसरच्या औद्योगिक वसाहतीत एका रसायनाच्या कारखान्यात प्रयोगशाळेत होते, सालवडला राहत होते आणि शाळेत असल्यापासून यंत्रमानवांच्या, परग्रहांच्या गोष्टी वाचत आले होते. एवढ्या तयारीवर मी भविष्य सांगायला बसले.

पहिल्या वर्षी सगळं छान लिहिलं. टाकीत उतरून गाळ काढायला माणूस लागणार नाही, यंत्र उतरेल. नाल्याचं पाणी कसं आहे ते घरबसल्या फोनवर दिसेल. यंत्रं एवढं काम करतील की माणसाला दिवसाचे चार तास पुरतील. उमरोळी स्टेशनला उतरून लोक खाडीकाठी हवा खायला येतील. संपादक खूश झाले. पुढची काही वर्षं मी तसंच लिहीत राहिले, मग माझा हात आखडत गेला. यंत्र आलं, पण टाकीत माणूसच उतरत राहिला. यंत्र वर उभं राहून किती गाळ निघाला त्याची नोंद करायचं. फोनवर पाण्याची स्थितीही दिसायला लागली. एकदा मी नाल्यावरच्या मोरीपाशी उभी होते. खाली पाणी जांभळं होतं आणि हातातल्या फोनवर हिरव्या ठिपक्यापुढे लिहिलं होतं, 'समाधानकारक'. चार तासांचं काम कुणाच्याच वाट्याला आलं नाही. काहींना बारा तास मिळाले, काहींना काहीच नाही.

"जरा आशादायक लिहा हो," संपादक म्हणायचे. "लोक फराळ करता करता वाचतात."

आमच्या कारखान्यात एक ऑपरेटर होते. रसायनं शिजवायची जी मोठी बंद भांडी असतात, त्या रिॲक्टरवर त्यांची ड्यूटी असायची. सगळे त्यांना काका म्हणायचे, हिंदी बोलणारे कामगार चाचा म्हणायचे. त्यांचं गाव मनोरच्या पलीकडे, डोंगरात. तिथली बरीच घरं पावसाळ्यात भात-नाचणी करून दिवाळीनंतर वीटभट्टीवर जातात. काकाही तरुणपणी जायचे. मग बोईसरला आले आणि कंत्राटावर का होईना, टिकून राहिले. आठवडाभर सालवडला एका खोलीत चौघांत राहायचे आणि सुट्टीला गावी जायचे.

त्यांच्या नाकाबद्दल मी पहिल्याच महिन्यात ऐकलं होतं आणि विश्वास ठेवला नव्हता. एके दिवशी ते प्रयोगशाळेच्या दाराशी आले. आत यायचे नाहीत, उंबऱ्याबाहेरूनच बोलायचे.

"मॅडम, तीन नंबरला मोवाचा पयला वाफारा सुटलाय. अजून शिजला नाय. नमुना काडू नका, फुकट जाईल."

मोव म्हणजे मोह; त्याची दारू गाळताना सुटणारी पहिली वाफ त्यांना म्हणायची होती. मी तरीही नमुना काढला. तपासायला पाऊण तास लागला आणि निकाल तोच आला. क्रिया अर्धीच झाली होती. पुढे मी त्यांचे वास वहीच्या समासात लिहून ठेवायला लागले. शिळी ताडी. ओला चुना. कुजका बोंबील. जळालेलं शिंग. करंजाची बी चावून थुंकली तर तोंडात राहतो तो कडवट दर्प. प्रत्येकापुढे मी रसायनाचं नाव लिहायचे. काही वर्षांत समासातली ती यादी आमच्या अधिकृत तक्त्यापेक्षा मोठी झाली.

त्यांच्यावरून मला एक कथा सुचली. एका कारखान्यात एक म्हातारा असतो, त्याला हवेतलं सगळं कळतं. मालक त्याच्या शेजारी एक यंत्र आणून ठेवतो. रोज म्हाताऱ्याने वास घ्यायचा, त्याचं नाव सांगायचं आणि यंत्राने ते शिकायचं. म्हातारा मन लावून शिकवतो, कारण आयुष्यात पहिल्यांदाच त्याला कुणीतरी काही विचारत असतं. यंत्राचं शिक्षण पुरं होतं त्या दिवशी म्हाताऱ्याला घरी पाठवतात. मग यंत्र चुकतं, आणि गावाला कळत नाही, कारण तोवर स्वतः वास घ्यायची सवय गावातल्या सगळ्यांचीच गेलेली असते. शेवट फार वाईट केला होता मी. गाव झोपेतून उठतच नाही.

संपादकांनी ती छापली. "आवडली, पण अशक्य आहे," म्हणाले. "वास काय यंत्राला शिकवता येतो?"

काकांना मी त्या कथेबद्दल सांगितलं नाही. सांगण्यासारखं काय होतं त्यात? गोष्ट होती, आणि त्यांना लिहिलेलं वाचता येत नव्हतं.

कोरोनाचं संकट ओसरलं त्यानंतरच्या वर्षी आमच्याकडे बाहेरगावची एक कंपनी आली. त्यांनी रिॲक्टरच्या आसपास, खांबांवर, पाइपांवर साबणाच्या डबीएवढ्या पांढऱ्या पेट्या बसवल्या. हवेत काही सुटलं तर पेटीला कळेल आणि नियंत्रण कक्षातल्या पडद्यावर लाल दिसेल. पेट्यांबरोबर एक इंजिनिअर मुलगी आली. पंचविशीची असेल, नम्र, कामसू. तिने दुसऱ्याच दिवशी मला विचारलं, "मॅडम, इथे एक ऑपरेटर आहेत ना, ज्यांना वासावरून सगळं कळतं? सिस्टम ट्रेन करायला त्यांची मदत हवी आहे."

मी चहाचा कप खाली ठेवला. "मदत म्हणजे काय करायचं त्यांनी?"

"काही नाही, माझ्या शेजारी बसायचं. वास आला की सांगायचं कसला आहे. मी नोंदवीन. सिस्टम आपोआप शिकेल."

त्या संध्याकाळी घरी जाऊन मी तो जुना दिवाळी अंक शोधला. माझ्या कथेत म्हाताऱ्याला बसायला लाकडी स्टूल दिलं होतं. इथे प्लास्टिकची खुर्ची होती. बाकी काही फरक नव्हता. सांगायला हवं होतं मी. दुसऱ्या दिवशी सकाळी पाळी सुरू व्हायच्या आधी त्यांना बाजूला घेऊन म्हणायला हवं होतं, काका, हे शिकवून झालं की तुम्हाला घरी पाठवतील. पण मी स्वतःलाच समजावत राहिले. कथा ती कथा. कारखान्याने पेट्यांवर एवढा खर्च केला तो सुरक्षेसाठीच. शिवाय मी हे बोलले असं वर कळलं तर?

आणि काका खूश होते, ते मला दिसत होतं. वीस वर्षं त्यांनी उंबऱ्याबाहेरून सांगितलं होतं. आता ती मुलगी त्यांना 'सर' म्हणायची. धुतलेला शर्ट घालून यायचे. मी एकदा मुद्दाम तिथे जाऊन उभी राहिले.

"सर, हा कसला?"

"हा शिल्या ताडीचा."

मुलगी लॅपटॉपकडे पाहत राहिली. पडद्यावर एक यादी होती, तिच्यातून निवडायचं. गोड, आंबट, कडवट, कुजका, जळका, असे आठेक शब्द.

"ताडी नाहीये यात. आंबट म्हणू का?"

"आंबट नाय. आंबट ता सिरका पन असतो. ताडी येगली. ताडीत पाठीशी कायतरी चावतो."

"पण जवळचं आंबटच ना?"

काका माझ्याकडे बघून हसले. "ऱ्हाव द्या मग. आंबट लिवा."

ओला चुना 'कडवट' झाला. कुजका बोंबील आणि जळालेलं शिंग यांचंही तेच झालं, जो शब्द जवळचा तो चिकटला. समासातली माझी यादी मी त्या मुलीला दाखवली. तिने फोटो काढले, मनापासून आभार मानले. यादी पुढे कुठे गेली ते मला माहीत नाही.

तीन महिन्यांत शिक्षण पुरं झालं. छोटासा कार्यक्रम झाला, काकांना शाल दिली. पुढच्या महिन्यात त्यांना रिॲक्टरवरून काढून ड्रम यार्डात टाकलं. रिकाम्या पिंपांवर चिठ्ठ्या चिकटवायचं काम. त्यांनी तक्रार केली नाही. एकदा जेवणाच्या सुट्टीत एवढंच म्हणाले, "मॅडम, त्या पेटीला सांगतला तेवढाच समजतो. मना न सांगता पन समजत होता."

माझ्या नाकाचं काय झालं होतं ते मी तोवर कुणाला सांगितलं नव्हतं. कोरोनाच्या दिवसांत ताप आला, त्यात वास यायचा बंद झाला तो परत आलाच नाही. सगळ्यांचा येतो म्हणून वाट पाहिली. डॉक्टर म्हणाले, विषाणू असेल, किंवा इतकी वर्षं प्रयोगशाळेत काढलीत ते असेल, सांगता येत नाही. तव्यावर सुकट भाजताना शेजारीण खिडकीतून ओरडायची, "अहो, जळतंय!" तेव्हा मला कळायचं. प्रयोगशाळेत हे कळलं असतं तर माझी बदली झाली असती. मी गप्प बसले. आता पडदा होताच की.

मे महिन्यात एका दुपारी काका प्रयोगशाळेच्या दाराशी आले. ड्रम यार्डातल्या माणसाला तिकडे यायची परवानगी नव्हती. घामाने भिजले होते.

"मॅडम, ताडीचा वास येतो. जुन्या रिॲक्टरच्या पाठी, नालीकडं."

"काका, पडद्यावर काही नाही."

"नसंल. पन येतो."

मी नियंत्रण कक्षात जाऊन पाहिलं. सगळे ठिपके हिरवे. तिथल्या साहेबांना विचारलं, तर ते म्हणाले, "मॅडम, तो माणूस तिथून काढल्यापासून दुखावलेला आहे. आठवड्यात दोनदा येतो सांगायला." मला ते खरं वाटलं. किंवा खरं असावं असं वाटलं. मी बाहेर आले. काका तिथेच उभे होते. त्यांच्याबरोबर जुन्या रिॲक्टरच्या मागे जाऊन मी दीर्घ श्वास घेतला. मला काहीच आलं नाही. अर्थातच आलं नाही. मी त्यांना म्हटलं, "मला तर काही येत नाही," आणि माझं मलाच ऐकू आलं की मी किती ठामपणे म्हणाले.

ते माझ्याकडे बघत राहिले. "तुमाला येत नाय?"

"नाही."

"काईच?"

मी घड्याळ पाहिलं. पाच-सात मिनिटं थांबू, म्हटलं. पडद्यावर काही आलं तर बघू. थांबलो. काकांनी रुमाल भिजवून नाकाला लावला होता आणि नालीच्या तोंडाकडे बघत ते सारखे म्हणत होते, "खाली कोन हाय का? खाली कोनी हाय का?"

खाली एक जण होता. झाकण उघडून नाली साफ करत होता. उत्तर प्रदेशातल्या बलियाकडचा, नुकताच लागलेला कंत्राटी कामगार. त्याला आधी खोकल्याची उबळ आली, मग आवाज बंद झाला.

मी धावत प्रयोगशाळेत गेले आणि निळ्या लिटमसची पट्टी आणली. शाळेतली पोरं वापरतात तीच. ओली करून पाइपाच्या जोडावर धरली. बघता बघता लाल झाली. आम्लाची वाफ होती. जोडातली रबरी चकती, गास्केट म्हणतात ती, खाल्ली गेली होती आणि जड वाफ खाली नालीत उतरत होती. धोक्याच्या बटणाची काच मी पट्टी धरलेल्या हातानेच फोडली. भोंगा वाजला. काका आणि आणखी दोघांनी त्या माणसाला वर ओढलं. काका ओरडत होते, "वाऱ्याच्या उलट पला! गेटाकडं नको, तिकडं वारा जातो!" अशा वेळी जमायची ठरलेली जागा गेटापाशी होती. पण सगळे काकांच्या मागे गेले.

तो माणूस वाचला. आठ दिवस दवाखान्यात होता, मग गावी गेला. जिना चढताना त्याला दम लागतो, असं त्याचा भाऊ सांगत होता.

चौकशीत सिस्टमची नोंद काढली. त्या दुपारी सगळं हिरवं होतं. नोंदीनुसार काहीच घडलं नव्हतं. अहवालात आलं की कामगाराला उन्हाचा त्रास झाला आणि प्रयोगशाळेतल्या कर्मचाऱ्याने खातरजमा न करता उत्पादन थांबवलं. लाल पट्टी मी पाकिटात घालून दिली होती. चौकशीच्या दिवशी पाकीट उघडलं तर ती फिक्या राखाडी रंगाची झाली होती. ती पट्टी जपून ठेवायची वस्तू नाही, हे मला माहीत असायला हवं होतं.

त्या इंजिनिअर मुलीला मी फोन केला. ती तोवर दुसऱ्या राज्यात, दुसऱ्या कारखान्यात पेट्या बसवत होती.

"मॅडम, आंबट आम्ही बंद करून ठेवला होता."

"म्हणजे?"

"शेजारच्या विभागात सिरक्यासारखं ॲसिड दिवसभर वापरतात ना. सारखे अलार्म यायचे. सगळे वैतागले. मग आंबट म्हणून जे जे नोंदलं होतं ते धोक्याच्या यादीतून काढलं. मला वाटलं... सरांना सांगाल का, सॉरी म्हणून?"

सरांचं कंत्राट त्याच महिन्यात संपलं आणि पुढे वाढवलं नाही. मला कागदपत्रांच्या खोलीत बसवलं. चार महिने मी जुन्या फायलींना क्रमांक दिले आणि मग राजीनामा दिला. त्या वर्षी संपादकांचा फोन आला तेव्हा मी सांगितलं, आता माझ्याकडे भविष्य नाही. ते म्हणाले, "असं कसं? वाचक विचारतात. तुमची ती वासाची कथा किती खरी ठरली! लोक म्हणतात, बाईंना दिसतं." त्यांना ते कौतुक वाटत होतं.

भातकापणी सुरू व्हायच्या आधी मी काकांच्या गावी गेले. मनोरपर्यंत एसटी, पुढे जीप, पुढे चालत. पिशवीत तो दिवाळी अंक होता. काका अंगणात सुपात नाचणी पाखडत बसले होते. मला पाहून उठले, खाट ओढली. त्यांची सून दहावीपर्यंत शिकलेली. तिला मी अंक दिला आणि म्हटलं, "हे यांना वाचून दाखव. मी लिहिलंय."

ती वाचत गेली. मध्येच अडखळायची, माझ्याकडे बघायची, पुन्हा वाचायची. म्हाताऱ्याला यंत्राशेजारी बसवतात तिथे काकांचे हात थांबले. शेवटपर्यंत त्यांनी मान वर केली नाही. वाचून झालं तेव्हा सून अंक मिटून आत निघून गेली.

"कवा लिवला ह्ये?" काकांनी विचारलं.

"ती मुलगी यायच्या आधी. बरीच वर्षं आधी."

"मंजे तुमाला ठाव होता."

"ठाऊक नव्हतं. पण ती आली तेव्हा ओळखलं मी. तुम्हाला सांगितलं नाही. आणि माझं नाक गेलंय, काका. त्या दुपारच्या आधीच गेलं होतं. तेही सांगितलं नाही."

त्यांनी सूप बाजूला ठेवलं. मला वाटलं, आता मला जायला सांगतील. तसं झालं असतं तर बरं वाटलं असतं.

"तुमी सांगतला असता तरी मी बसलो असतो खुर्चीत," ते शेवटी म्हणाले. "मना वाटला, माझ्या मागारी कोनीतरी पायजे वास घ्याया. पोरगा गेला सुरतला. म्हनला, पेटी तर पेटी." मग म्हणाले, "पन नालीत कोन हाय का, ह्ये मी बोंबलत होतो. तवा तुमी घड्याल बघत होता. ता मना इसरता नाय येत."

मी मान हलवली.

सुनेने चहा आणला. तो पितानाच काका एकदम उठले. "चला, आज मना उशीर झाला." मला वाटलं, शेतावर जायचं असेल. पण ते घरामागच्या टेकाडावर चढायला लागले. मीही गेले. वर एक चिंच होती, तिच्याखाली सपाट दगड, दगडावर पाण्याची बाटली. त्यांनी खिशातून साधा बटणांचा फोन काढला आणि दगडावर उभा करून ठेवला.

"हितं रेंज येते. खाली नाय येत."

"कुणाचा फोन येणार आहे?"

"कंपनीतल्या पोरांचा."

भोंगा वाजला त्या दिवशी त्यांच्या मागे धावलेल्या कामगारांनी त्यांचा नंबर घेतला होता. आता कुठे वेगळा वास आला की ते चोरून फोन लावायचे आणि वास शब्दांत सांगायचे. पहिल्या पाळीत काका या दगडावर बसून असत. शेतीची कामं सून आणि बायको बघायच्या. मी तासभर बसले असेन, तेव्हा फोन वाजला. काकांनी तो स्पीकरवर टाकला.

"चाचा, पाँच नंबर के पास कुछ आ रहा है। बदबू नहीं है, अलग ही है कुछ।"

"कैसा हाय? बोल ना."

"जैसे... जैसे गीली दीवार होती है ना, नई पुताई वाली।"

"आँख जलता हाय?"

"थोड़ा।"

"गला?"

"नहीं।"

काकांनी डोळे मिटले. तिकडे तीस-चाळीस किलोमीटरवर कुणीतरी श्वास घेत होतं आणि इकडे ते तो वास आठवून पाहत होते. "चुना हाय. ओला चुना. भागने का नाय. पानी मार जमीन पे, और पंखा उल्टा कर. अर्धा घंटा में फिर फोन कर."

अर्धा तास आम्ही दोघं त्या फोनकडे बघत बसलो. समोरच्या डोंगराच्या कडेला कुणीतरी जमीन मोजल्यासारख्या चुन्याच्या खुणा करून गेलं होतं. कशासाठी ते गावात कुणाला माहीत नव्हतं. वरून घरघर करणारं यंत्र फिरून फोटो काढून गेलं, एवढं सुनेने चहा देताना सांगितलं होतं. फोन आला. सगळं ठीक होतं.

"आणि दुसऱ्या पाळीला?" मी विचारलं.

"दुसऱ्या पाळीला मी दमतो. तिसऱ्या पाळीला टेकाडावर जनावर फिरतो." त्यांनी खांदे उडवले. "तवा पेटी हायच."

निघताना मी माझा नंबर त्या मुलांना द्यायला सांगितला. नाक नसलं तरी रसायनं मला माहीत आहेत आणि समासातल्या त्या यादीची माझी वही घरी आहे. काकांनी थोडा विचार केला आणि हो म्हणाले. तेव्हापासून कधीमधी फोन येतो. मी प्रश्न विचारते, वही बघते, अंदाज सांगते आणि वर म्हणते, चाचांना विचारून घ्या.

या जुलैत एका दुपारी फोन आला. मागे पंख्याचा मोठा आवाज होता.

"मॅडम, चाचा का फोन नहीं लग रहा। आधे घंटे से लगा रहे हैं।"

काका त्या दिवशी लावणीला शेतात उतरले होते, हे मला संध्याकाळी कळलं. माणसं मिळाली नव्हती.

"काय वास आहे?"

"समझ में नहीं आ रहा। मीठा है। पहले कभी नहीं आया।"

"गोड म्हणजे कसा? फळासारखा? गुळासारखा?"

"नहीं मॅडम। बस, मीठा।"

मी वही उघडली. पानं उलटली. गोड असं काही काकांनी वीस वर्षांत कधी सांगितलं नव्हतं. पडदा काय म्हणतो, असं माझ्या तोंडावर आलं होतं आणि मी ते गिळलं.

"कितने लोग हो?"

"नौ।"

"बाहेर पडा. सगळे. आत्ता. वारा कुठून येतोय ते बघा आणि त्याच्या उलट जा."

"सुपरवायझर पूछेगा तो?"

"माझं नाव सांगा."

फोन बंद झाला. वीस मिनिटांनी संदेश आला की नऊच्या नऊ जण बाहेर आहेत. पडदा हिरवाच होता. दुसऱ्या दिवशी त्यांतल्या चौघांना गेटावरूनच परत पाठवलं, कारण सांगितलं नाही. उरलेले पाच जण आत गेले. तो वास कसला होता, हे काकांना विचारलं. त्यांनी दोनदा सगळं ऐकून घेतलं, सारखे विचारत राहिले, मीठा कसा, कसा मीठा. मग म्हणाले, ह्यो मनाबी ठाव नाय.